छाट

विडी घरकुलात रात्री अकराला लाइट येते
आणि मी पैसे काढायला बसते.

पैसे म्हणजे एकशे दहा युरो.
डेन्मार्कच्या एका बाईनं पाठवलेत,
ताट पुसायच्या फडक्यावरच्या नक्षीचे.
मोर नको, कमळ नको, तिला साधे चौकोन हवे होते.
चौदा वेळा बदलून घेतलेले साधे चौकोन.

पडद्यावर नव्व्याण्णवच दिसतात.
अकरा त्या दुकानाचे, ज्यानं आमची गाठ घालून दिली.
इथवर ठीक. दलाल कुणाला चुकलाय?
आप्पा जेकॉर्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे,
त्यांच्या एकेका भोकातून
कुणीतरी हात घालून गेलेलं आहे.

आता खाली तीन गोल. एकावर बोट ठेवायचं.

पहिला म्हणतो, लगेच. अर्ध्या तासात. पावणेदोन टक्के.
दुसरा म्हणतो, तीन ते पाच कामकाजाचे दिवस, साठ रुपये,
दहा हजारांच्या वर काढाल तर तेही माफ.
माझे नऊच्या आत आहेत.
तिसरा नुसता म्हणतो, राहू दे.
आणि सगळ्यांच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
युरोचा भाव आमचा आम्ही लावू.

अम्मा समोर सूप घेऊन. मांडीवर पानं.
"येलालेत का पैसे?"
"येतील. थोडे कापून."
"कोण कापलालंय?"
मी सांगू लागते, रूपांतर, प्रक्रिया, सेवा,
आणि माझं मलाच हसू येतं.
तिची कात्री पानाच्या मध्यावर थांबते.
"छाट म्हण की मग."

छाट.
एकतीस वर्षं कारखान्याच्या खिडकीत
चेकरची दोन बोटं तिच्या जुड्यांवरून फिरली.
ही सैल. हिचं तोंड उघडं. हे पान काळं.
हजार वळून नेलेल्या नऊशे चाळीस होऊन मोजल्या गेल्या,
आणि रिकामं सूप डोक्यावर धरून ती उन्हातून परत आली.
तिला टक्केवारी शिकवणारी मी कोण?

मागच्या खेपेला तर पैसे येऊन परत गेले.
बँकेत इराबत्तीला दोन टी, पॅनकार्डावर एक.
एका अक्षरावरून समुद्रापार माघारी,
आणि माघारी जायचंही भाडं आमच्याकडूनच.

अम्मानं मनातल्या मनात भाग दिला.
साठ रुपये म्हणजे तीनशे विड्या.
लगेच हवे तर जवळपास आठशे.
"आणि राहू दिले तर?"
"काही नाही. पण गुरुवारी गटाचा हप्ता आहे."
मध्ये गड्ड्याची सुट्टी, चौथा शनिवार, रविवार.
कामकाजाचे दिवस असे मोजायला लागलं
की कळतं, आपण सोडून बाकी सगळ्यांना सुट्टी असते.

पाचशे विड्यांचा फरक.
ती म्हणाली, "थांब तू. हप्त्याचं बघते मी,
ललिताक्कापाशी मागते."
मी दुसऱ्या गोलावर बोट ठेवलं.
पडद्यानं विचारलं, नक्की?
असं आम्हाला सहसा कुणी विचारत नाही.

पैसे आठव्या दिवशी आले,
पहाटे तीनला, मेसेजच्या टणत्कारानं.
हिशोबापेक्षा सत्तेचाळीस रुपये कमी.
ते बँकेचे. आणि बँकेनं कापल्याबद्दलचा कर.
सकाळी चहा गाळताना अम्माला आकडा सांगितला.
तिला तो कमी वाटला नाही, जास्तही नाही.
बशीत फुंकर घालत ती भलतंच बोलली:

"आमची छाट फेकत नव्हते बरं का ते.
खराब म्हणून काढायचे, पैसे द्यायचे नाहीत,
आणि मागच्या दारानं विकायचे.
एकदा एसटी स्टँडवर एक माणूस ओढत होता,
मी दोरा बघितला, गाठ बघितली.
माझीच होती."

मग चहा संपवून, सूप पुढं ओढून:
"तुझीपण कोणतरी ओढत बसलं असंल बघ."