दोन गुणांचा प्रश्न

प्रश्न पाचवा, उपप्रश्न आ:
‘नायक’ आणि ‘मुख्य पात्र’ यांतला फरक लिहा.

उत्तरसूची माझीच.
नायक गुणांनी ठरतो, मुख्य पात्र जागेनं;
कथा ज्याच्याभोवती फिरते, तो भला असेलच असं नाही.
एवढं आलं की दोन. अर्धं आलं की एक.

छत्तीस पेपर झाले. सगळे नायक शूर,
सगळी पात्रं मुख्य, आणि एका मुलीनं
दोन्हींच्या मध्ये नुसतं बरोबरचं चिन्ह काढलंय.
मिरज जंक्शनात कुठलीतरी मालगाडी
अर्धा तास निघते आहे.

सदतिसावा दस्तगीरचा.
दिवसभर मामूंच्या दुकानात सतारींना पॉलिश, रात्री शाळा.
पेपरालाही चपड्याचा वास.

लिहितो:
बाई, सतारीत एक नायकी तार असते.
बोटं तिच्यावर फिरतात, लोक तिलाच ऐकतात.
तुटतेही तीच जास्त. आम्ही दुसरी लावतो,
तोवर गिऱ्हाईक चहा पितं.
पात्र म्हणजे भाड, हे तुम्हीच सांगितलंत.
सतारीत भाड म्हणजे भोपळा.
त्याला कुणी छेडत नाही.
वर्षभर माळ्यावर वाळतो,
आत काही उरलं नाही की मग कामाला येतो.
तार गेली तर मामू शिव्या देतात.
भोपळा फुटला तर देत नाहीत,
सतार भिंतीकडे तोंड करून ठेवतात
आणि जेवायला घरी जात नाहीत.

व्याख्या नाही. धड्यातलं उदाहरण नाही.
‘भांडं’वरचे दोन्ही अनुस्वार गायब.
नियमानं भोपळा.

लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

आमच्या घरात अप्पा.
सांगलीत नाटक लागलं की पहिल्या रांगेतले लोक
त्यांच्या एंट्रीला खोकायचे थांबत.
प्रयोगानंतर सगळे घरी, पिठलं, पुन्हा तेच संवाद,
आणि वत्सूआत्या आतल्या खोलीत
शालूला टीप घालत बसलेली, उद्याच्या राणीसाठी.
तिच्याबद्दल मला कुणी कधी प्रश्न विचारला नाही.
मीही कुणाला सांगितलं नाही.
ती गेल्यावर अप्पांनी
दोन वर्षं नाटक घेतलं नाही;
आम्ही म्हणायचो, आवाज बसला.

दोन गुण.

मग पेन्सिल शोधली,
त्याच्या ‘भाड’वर हलक्या हातानं
दोन टिंबं दिली,
आणि अडतिसावा ओढला.