किंचित उतरलेला

क्लीथॉर्प्सच्या क्लबात शनिवारी
बिंगो संपेपर्यंत आम्ही मागच्या जिन्यात.
क्लाइव्ह चिप्स खातो, व्हिनेगरची बोटं
ड्रमस्टिकलाच पुसतो.
मग तीच गाणी, दुसऱ्यांची,
लोकांना आमच्याहून जास्त पाठ.

मी डावीकडे, आग विझवायच्या लाल नळकांड्याशेजारी.
अख्ख्या गाण्यात माझे सूर तीन.
खांद्यावर ‘साठ’ लिहिलेला पट्टा मिरवत
एक बाई आली, म्हणाली,
“गिटार छान वाजवतोस हं,
फक्त ऐकू नाही आलं.”
थँक्यू म्हणालो.
मघाशी तिचे पाय
माझ्या तीन सुरांवरच तर पडत होते.

वाटणी व्हॅनमध्ये :
माणशी पंचावन्न पौंड, डिझेल वजा.
अ‍ॅम्प उतरवताना कंबर
माझं खरं वय सांगते.

पहाटे दोनला स्वयंपाकघरात
बूट न काढताच दहीभात, गार.
फ्रिज गुणगुणतोय,
किंचित उतरलेला ई.
ओट्यावर बोटांनी मी त्याला साथ देतो
आणि तो मध्येच थांबतो.

वरून मंजिरीचा झोपाळू आवाज :
“काय झालं रे?”

“काही नाही. झोप.
होईल सुरू.”