होडीखालच्या फळ्या

ट्रेलरवरचा गालिचा खरवडून काढला तेव्हा
खालून पांढरी भुकटी सांडली, चुन्यासारखी.
मग होडीच्या पोटाला भोकं दिसली,
टाचणीच्या टोकाएवढी. एकवीस.
हेल्व्ही म्हणाली, खडकानं नाही रे,
आपल्याच फळ्यांनी खाल्लीय ही.

वडलांनी बसवल्या होत्या त्या,
हिरवट, औषध पाजलेल्या,
जन्मात कुजणार नाहीत म्हणून
दुप्पट पैसे मोजून.
कुजल्या नाहीतच.
तांबं मुरलेलं त्यांच्या अंगात, वर ओला गालिचा,
आणि त्यावर निवांत टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम
चौदा हिवाळे.

ड्युलुथच्या वखारीत क्वाम
प्लास्टिकची फळी दाखवतो. फार निसरडी:
पट्टा सोडला की होडी तळ्याआधी रस्त्यात.
दुसरी भुशाची, उन्हात पापडासारखी वाकणारी.
हेल्व्ही मागच्या घडवंचीपाशी जाते,
सीडरची साधी फळी उचलते, हुंगते.

"किती टिकेल?"
"सात वर्षं. कोरडी ठेवलीत तर आठ.
स्क्रू स्टेनलेसचे घ्या, डोकी आत बुडवा,
आणि गालिचा नको, तो पाणी सोडत नाही."

ती बोटांवर काहीतरी मोजते.
आठ वर्षांनी ती सत्त्याहत्तरची;
मी छताकडे बघत राहतो,
तिथं कुणाचीतरी जुनी वल्ही टांगलेली.

"दोन जोड्या दे," ती क्वामला सांगते,
"तोवर तू दुकान विकलेलं असशील."
क्वाम हसतो, सुतळी शोधतो.
घरी आल्यावर दुसऱ्या जोडीवर
ती पेन्सिलीनं साल लिहिते. पुढचं.