डावी पेटी

इक्सानच्या उबवणी केंद्रात पहाटे चारला
नामगुंग दोक-सू दिव्याखाली बसतो.
नखं मुळापर्यंत कापलेली.
कॉफी सोडली, हात थरथरतो म्हणून.

एक दिवसाचं पिल्लू उचलायचं,
शेपटाखाली अंगठ्यानं हलकं दाबायचं,
तिळाहून लहान एक उंचवटा
आहे की नाही.
नाही, उजवी पेटी.
आहे, डावी.
पापणी लवायच्या आत पुढचं.
तासाला हजार.

उजवीकडच्या अंडी घालतील.
डावी पेटी कुठे जाते
हे त्यानं सव्वीस वर्षांत एकदाही विचारलेलं नाही,
म्हणजे त्याला ठाऊक आहे.

शेकड्यात दोन चुका माफ.
मी शिकाऊ, माझ्या पाच होतात.
त्याची एक व्हायला वर्ष लागतं.

काल डोंगरापलीकडून फोन आला :
तुमच्या कोंबड्यांतली एक
आज पहाटे आरवली.

मालकानं पैसे कापले.
दोक-सूनं फोनवरच, कुणी दिसत नसताना,
कमरेतून वाकून माफी मागितली.
नवी कोंबडी पाठवायचं कबूल केलं.

मग रिसीव्हर तसाच कानाशी धरून,
आमच्याकडे पाठ करून
हळूच विचारलं,
"मोठ्यानं आरवतो का?"