सहावं चित्र

केमीत जानेवारीत दुपारी तीनलाच दिवे लागतात.
कागद गिरणीतली पाळी संपवून मी घरी येते,
बूट रेडिएटरखाली उपडे करते
आणि टेबलावर मांडते हे तळहाताएवढं यंत्र.
चार कोरांचा प्रोसेसर, बारा गावचं पाणी प्यालेला.
त्याच्यापुढे ती जुनी करडी पेटी म्हणजे मुंगी.

हत्तीला मुंगीचं सोंग जमत नाही
हे कळायला मला तीन हिवाळे लागले.

पेटीत तीन चिप होत्या.
एक विचार करायची, एक चित्र काढायची, एक गायची,
चर्चच्या लांब होडीत वल्ही मारणाऱ्या
तीन बहिणींसारख्या, एकाच ठोक्यावर.
इथे एकटा गडी तिघींची वल्ही मारतो,
या बाकावरून त्या बाकावर उड्या घेत,
आणि प्रत्येक उडीला होडी जराशी डुलते.
ते डुलणं आधी कानाला कळतं:
गाण्यात चरचर येते,
साउनात तापल्या दगडांवर पाणी मारावं तशी.
आवाजाला थोडं थांबवून धरलं की चरचर जाते,
पण मग उडीचा ‘टुण्’ ऐकू येतो
माणूस जमिनीवर पोचल्यावर.

दुसऱ्या पातळीवर एक धबधबा आहे.
चित्रकाराने तो पुरता काढलाच नव्हता.
एक रेघ निळी, एक मोकळी, एक निळी, एक मोकळी;
उरलेलं काम त्याने टीव्हीच्या स्वस्त वायरवर सोपवलं होतं.
ती रंग फासायची, रेघा विरघळायच्या,
मागचा खडक पाण्यातून दिसायचा.
नवा पडदा प्रामाणिक आहे.
तो गज दाखवतो.
म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला
चांगलं चित्र बिघडवणारा.
बॅटरीचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो.

रविवारी ओस्मो आला,
बर्फ काढायची गाडी दारात लावून.
गाण्याचे चार स्वर झाले नाहीत तोच म्हणाला,
“हे पळतंय.”
मी म्हटलं, हाच मूळ वेग. जपानात सेकंदाला साठ चित्रं.
आपल्या टीव्हीला पन्नासच झेपायची,
म्हणून आपल्याकडे गाणं रेंगाळत यायचं,
ढग रेंगाळत, राक्षसही रेंगाळत.
दादा, आपण अख्खं लहानपण चुकीच्या वेगाने खेळलो.
तो म्हणाला, “मग चुकीचं लाव.”

घोडं इथेच पेंड खातं.
या पडद्याला साठच येतात.
पन्नास दिली तर दर पाच चित्रांमागे
तो पाचवंच पुन्हा दाखवतो,
उसनं सहावं, भरतीचं.
पाहणाऱ्याला काही दिसत नाही,
फक्त ढग चालता चालता ठेचकाळतात.
सगळी सोंगं आणता येतात,
वेळेचं आणता येत नाही.

मार्चमधल्या एका रात्री
मी पडद्याचंच घड्याळ खाली ओढलं.
पंचावन्न. बावन्न. एक्कावन्न.
पन्नासला तो थरथरला,
खालच्या कोपऱ्यात एक करडी रेघ उमटली,
आणि टिकला.
मी दिवा न लावता तसाच चहा प्याले.

ओस्मो ते बर्फावर घेऊन गेला, मासे धरायला.
उणे अठरा.
साठ टक्के बॅटरी दहा मिनिटांत चारवर आली.
त्याने यंत्र स्वेटरच्या आत, काखेत धरलं,
गळाच्या भोकाकडे बघत वाट पाहिली,
मग खेळला.
गाणं आलं, जड पावलांनी, आमचं.
तो काही बोलला नाही.
तिसऱ्या पुलावरून खाली पडला तेव्हा बोलला:
“बटण उशिरा लागतंय.”

मोजलंय मी. तीन चित्रांचा उशीर आहे खरा.
पण याच पुलावरून तो एकोणनव्वद सालीही पडायचा,
आणि तेव्हाही
बटणच उशिरा लागायचं.

“पुन्हा,” तो म्हणाला,
आणि यंत्र परत काखेत घातलं.