दर तीन महिन्यांनी

सज्ज्यावर निळा ड्रम आहे, इतवारीतून आणलेला,
लोखंडी कड्याचा. झाकण बसलं की खट्ट वाजतो.
आधी त्यात काय होतं, भंगारवाल्यानं सांगितलं नाही.
सात वेळा धुतला, तरी पहिल्या गुळाला
साबणाचा वास आलाच.
ड्रमवर मार्करनं तारीख.
तिच्या वर सहा खोडलेल्या.

त्या सप्टेंबरात आम्ही तळमजल्यावर झोपलो होतो.
जिला जन्मभर नाला म्हटलं
ती पहाटे तीनला नदी होऊन घरात आली.
रिकामा सिलिंडर तरंगत तरंगत
फ्रिजला धडका देत राहिला,
चपला कुठं काढू विचारणाऱ्या पाहुण्यासारखा.
तांदूळ खालच्या कोठीत, साठ्याचा,
साळ्यानं भंडाऱ्याहून पाठवलेला.
त्यानं दोन दिवस पाणी पिऊन
कोठीचं झाकण आपणच उचललं.
तो आंबूस वास
डोशाच्या पिठातून अजून मला ओळख दाखवतो.

जिना बाहेरून, आणि बाहेर गल्ली वाहत होती.
पलंगावर टेबल, टेबलावर बाबा.
ओजसच्या दप्तरात बिस्किटांचा अर्धा पुडा.
तो आम्ही चौघांनी मोजून खाल्ला.
मोजून खाणं काय असतं
ते आमच्या पगारदार घरात तोवर कुणाला ठाऊक नव्हतं.

मग वरच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी
खिडकीच्या गजांशी येऊन थांबली.
कालच्या पोळ्या, गुळाचा खडा, कागदात जवसाची चटणी,
मेणबत्ती.
मेश्राम काकू. स्कूटर लावण्यावरून
वर्षभर आमचा अबोला.
वरून फक्त आवाज आला,
"काडेपेटी ओली करू नका."

घर वाळल्यावर मी यादी केली.
माणशी किती ग्रॅम, किती दिवस, चौकटी आखून.
तांदूळ, तुरीची डाळ, रवा.
काकू ड्रम बघायला आल्या,
आत डोकावल्या, हसल्या,
"काऊन जी भाऊ, शिजवाल कायच्यावर?
पुराच्या पाण्यावर?"

तेव्हापासून फुटाणे. मुरमुरे. सातूचं पीठ,
खारोड्या (बाबांना चावत नाहीत, तरी त्यांचा हट्ट),
बाबांच्याच गोळ्या, पंधरा दिवसांच्या,
आणि पाण्याचे दोन कॅन, ज्यांना कुणी हात लावायचा नाही.
तारीख उलटायच्या आत सगळं संपवायचं, नवं भरायचं.
तो रविवार आला की ओजस ओरडतो,
"आज पूर खायचा!"
प्रणोती कांदा, सांबार चिरते, लिंबू पिळते.
बाबा एक घास घेऊन म्हणतात,
"या वेळचं संकट जरा सादळलंय."

फेब्रुवारीत कंपनीनं पगार लांबवला. मग पुन्हा लांबवला.
एका रात्री मी स्टूल घेऊन सज्ज्याशी उभा राहिलो.
कडं उघडताना खट्ट वाजेल, सगळे उठतील,
म्हणून टॉवेल गुंडाळला.
ड्रम रिकामा होता.
तळाशी पाच-सहा फुटाणे आणि माझी यादी,
चौकटींसकट.
तेव्हा आठवलं, दोन आठवडे
डब्यात सातू येत होतं,
रात्री मुरमुऱ्यांचा सुशीला,
आणि मी विचारलं नव्हतं,
आज काय वार आहे.
प्रणोती कूस बदलून म्हणाली,
"स्टूल जागेवर ठेव. सकाळी बाबा अडखळतील."

पगार झाला त्या संध्याकाळी आम्ही दोघं
इतवारीत गेलो. पिशव्या तिनं उचलल्या,
भाव मी केला, तिनं मोडला.
चार जणांचं मोजून झाल्यावर
पाचवी ओंजळ तिनं टाकली.
यादीत तिला चौकट नाही.

आज पुन्हा तो रविवार.
ड्रम खाली आलाय, वर्तमानपत्र पसरलंय,
जिन्यावर चपलांचा आवाज.
मेश्राम काकू आपली ताटली घेऊन आल्यात,
बसायच्या आधीच ड्रममध्ये डोकावून म्हणतात,
"मीठ राह्यलं जी पुन्हा."