डावा मोजा

सोमवारी तीनशे पौंड उचलले, पाच वेळा.
मंगळवारी शिंकसुद्धा मांड्यांना विचारून.
बुधवारी पहाटे बर्फ ढकलायच्या गाडीतून उतरताना
शिडीच्या तीन पायऱ्या मी पाठमोरी उतरले,
रांगत्या मुलासारखी.
लायल गॅरेजच्या दारात कॉफी पीत म्हणाला,
"व्हर्ना, पुढच्या आठवड्यात तुला उतरवायला क्रेन मागवतो."

म्हणून हे.
डुलूथमध्ये, टायरच्या दुकानाच्या वर,
एकशे पाच अंशांची खोली.
बाहेर उणे बावीस.
मधे फक्त एक दार
आणि त्याच्या फटीत कोंबलेला टॉवेल.

आत शिरताच वास: ओलं रबर, निलगिरी,
सतरा माणसांची कालची जेवणं.
माझे हात आपोआप खडूची पूड शोधू लागले.
अकरा वर्षांचा शिरस्ता,
आधी खडू, मग पट्टा, मग एक शिवी, मग वजन.

शिकवणारी ट्रेसा माझ्या मुलीहून लहान.
"झाड व्हा," म्हणते.
कुठलं ते सांगत नाही.
मी बर्च धरला.
चौथ्या श्वासाला बर्च आडवा.

शेजारी आइनार, वय एकाहत्तर,
लोहखनिज वाहणाऱ्या बोटींवरचा निवृत्त स्वयंपाकी,
हिरव्या पोहायच्या चड्डीत.
एका पायावर उभा, दुसरा मागून डोक्याच्याही वर,
जणू त्या पायानं वरच्या फळीवरची बरणी काढतोय.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"नोव्हेंबरात सूप सांडू द्यायचं नसेल
तर हे यायलाच लागतं."

मी माझा घोटा पकडते. निसटतो.
परत पकडते. साबणाच्या वडीसारखा निसटतो.
लोखंडाचा दांडा या बोटांतून कधी सुटला नाही,
आणि हा माझाच पाय,
चोपन्न वर्षं माझ्याच खर्चानं पोसलेला,
हाताला लागत नाही.

घाम नाकाच्या शेंड्यावरून, कोपरांवरून,
गुडघ्यांच्या मागून,
तिथंही घाम असतो हे मला ठाऊकच नव्हतं.
घड्याळ काढून ठेवायला लावलंय.
तरी मी चोरून मोजते:
छताच्या पत्र्याला बेचाळीस खिळे.

शेवटी शवासन.
म्हणजे प्रेतासारखं पडायचं, ट्रेसा समजावते,
आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तशा आवाजात.
हे तरी जमेल असं वाटलं होतं.
जबडा आवळलेला. पोटऱ्या आवळलेल्या.
हातात काही नसताना मुठी.
इतकी वर्षं मी काय धरून बसलेय
असले प्रश्न मी विचारत नाही,
त्यासाठी माझी बहीण आहे.
मी फक्त मूठ उघडली.
ती मिटली.
परत उघडली.
खाली टायर काढायचं यंत्र घरघरलं,
आणि मधेच कधीतरी मला झोप लागली.
घोरले म्हणे.

बाहेर आले तर केसांच्या काड्या झालेल्या,
पापण्या चिकटलेल्या,
कोटाच्या गळ्यातून वाफ,
पातेल्यावरचं झाकण सरकावं तशी.
आइनार गाडीची काच खरवडत होता.
"शुक्रवारी?"
"बघू," म्हटलं.

गुरुवारी दांडा जमिनीवरून हलला नाही.
तीनशे सोडा, दोनशे सत्तरलाही नाही.
लायल म्हणाला, गरम खोलीत लोळून अंग भरून निघत नाही,
झोपेनं निघतं, अंड्यांनी निघतं.
असेल. तो चुकतो क्वचितच.
माझ्या वहीत लिहावा असा आकडा
माझ्याकडे तरी नाही.

एवढंच, की शुक्रवारी पहाटे साडेतीनला,
स्वयंपाकघरात, दिवा न लावता,
बाहेर पिकअपचं इंजिन कण्हत गरम होत असताना,
डावा मोजा मी उभ्यानं घातला.
भिंतीला हात न लावता.

उजवा बसूनच.